ओट्यामागच्या दगडाची कैफियत

स्वयंपाकघरातील ओट्यामागच्या भिंतीला, म्हणजे गवंडी ज्याला ‘डॅडो’ म्हणतात त्या भागाला, संगमरवर, कडप्पा, कोटा किंवा ग्रॅनाइट असा अस्सल दगड बसविण्याची चाल आपल्याकडे जसजशी वाढत गेली, तसतशी तो दगड स्वच्छ कसा राखावा हे सांगणाऱ्यांची संख्याही वाढत गेली. आणि या सल्लागारांचे इतर कोणत्याही बाबतीत एकमत नसले, तरी एका बाबतीत मात्र ते विलक्षण आहे. लिंबाची फोड चोळा, व्हिनेगर शिंपडा, वर खाण्याचा सोडा भुरभुरा, फेस आला की पुसून काढा. हे सारे नैसर्गिक आहे, घरगुती आहे, आजीच्या बटव्यातले आहे, म्हणून निर्धोक आहे, असे हे एकमुखी फर्मान. घरोघरी त्याची अंमलबजावणी इतक्या निष्ठेने चालते की त्याची सनद कोणी तपासून पाहिली आहे की नाही, असा प्रश्नदेखील कोणाला पडत नाही. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ओट्यामागच्या दगडाचे जे नुकसान होते त्यातले फार थोडे स्वयंपाकामुळे होते. बहुतेक सारे सफाईमुळे होते, आणि त्या सफाईतही सर्वांत मोठा वाटा या तथाकथित निरुपद्रवी उपायांचा असतो.

प्रतिपक्षाला न्याय द्यायचा, तर त्याचे म्हणणे प्रथम पूर्णपणे मांडले पाहिजे. तो म्हणतो की बाजारातील सफाईच्या द्रव्यांत काय काय असते याचा सामान्य गृहस्थाला पत्ता नसतो. जे अन्नात चालते ते अन्न शिजविण्याच्या जागी चालावे यात गैर काय. लिंबाने चिकटा सुटतो हा सार्वत्रिक अनुभव आहे. आणि चार पैशांत होणारे काम चाळीस पैशांत करण्याची सक्ती का? यातले पहिले म्हणणे मला संपूर्ण मान्य आहे आणि शेवटचे तत्त्वतः मान्य आहे. वाद आहे तो मधल्या दोन विधानांविषयी. कारण अन्नाला काय चालते हा पोटाचा प्रश्न आहे आणि दगडाला काय चालते हा त्याच्या घटकद्रव्यांचा. या दोहोंची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेबच चुकतो.

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, कॅल्साइट नावाच्या खनिजाचे, स्फटिक. राजस्थानातील मकराण्याचा पांढराशुभ्र दगड घ्या, कडप्पा जिल्ह्यातून आलेली काळी फरशी घ्या, कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादी घ्या, नाही तर हिरवट-निळसर कोटा घ्या. दिसायला यांत कितीही अंतर असले तरी चुनखडीचे हे गोत्र सर्वांचे समान आहे. या गोत्राचा एक स्थायीभाव असा की आम्लाचा स्पर्श होताच कॅल्साइट विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. ग्रॅनाइटची जात निराळी. त्यात फेल्स्पार आणि क्वार्ट्झ ही सिलिकेट वर्गातील खनिजे असतात आणि लिंबाच्या रसाला ती सहसा दाद देत नाहीत. म्हणजे ज्या एका शब्दाने आपण या सर्वांना संबोधतो तो ‘दगड’ हा शब्द सफाईच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक आहे. आणि ज्या सल्ल्यात दगडाची जात विचारलेलीच नसते, तो सल्ला म्हणजे सब घोडे बारा टक्के या न्यायाने दिलेला निवाडा होय.

आता आम्लाच्या मात्रेकडे पाहू. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास असतो, आणि ज्या आम्लपर्जन्याच्या नावाने आपण चिंता व्यक्त करतो त्याचा पीएच साधारणतः चार-साडेचार असतो. या मापनात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. तेव्हा आकाशातून पडणाऱ्या ज्या आम्लाने राष्ट्राची झोप उडते, त्याच्या सुमारे शंभरपट तीव्र आम्ल आपण स्वहस्ते, घासणीने, रगडून, त्याच जातीच्या दगडावर चोळतो. ताजमहालाचा मामला येथे दाखल करणे भाग आहे. मकराण्याच्या संगमरवराची ही वास्तू कारखान्यांच्या धुराने, विशेषतः त्यातील गंधकाच्या संयुगांनी, झिजते आणि काळवंडते, या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी त्या परिसरातील दगडी कोळसा जाळणाऱ्या २९२ कारखान्यांना नैसर्गिक वायूकडे वळा अथवा स्थलांतर करा, असा हुकूम दिला. त्याच वास्तूवर साचलेली पिवळट पुटे काढण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९९४ पासून वेळोवेळी जो उपाय योजला तो कोणता? लिंबू नव्हे, व्हिनेगर नव्हे. मुलतानी मातीचा लेप. तो दगडावर थापायचा, वाळू द्यायचा, आणि मातीने मळ शोषून घेतला की शुद्ध पाण्याने धुऊन टाकायचा. हा उपायही नैसर्गिकच आहे, घरगुतीही आहे; परंतु त्याच्या मुळाशी दगडाच्या स्वभावाचे ज्ञान आहे, आणि लिंबाच्या उपायाच्या मुळाशी केवळ लिंबाविषयीची ममता आहे.

नैसर्गिक म्हणून सौम्य, ही समजूत तर निसर्गच खोडून काढतो. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड मिसळून जे अत्यंत क्षीण आम्ल तयार होते, त्यानेच चुनखडीचे डोंगर आतून पोखरले जाऊन आंध्रातील बोरा गुहांसारखी प्रचंड विवरे निर्माण झाली. त्या कामाला निसर्गाने लक्षावधी वर्षे घेतली हे खरे. पण त्याच्याजवळ लिंबू नव्हते.

येथे प्रतिपक्ष आपला हुकमी एक्का बाहेर काढतो: आमच्या आज्या-पणज्या चिंचेने आणि लिंबानेच सारे लखलखीत ठेवीत होत्या, त्या काय अडाणी होत्या? मुळीच नव्हत्या, आणि म्हणूनच त्यांचा दाखला या पक्षाच्या विरुद्ध जातो. त्या चिंच चोळीत ती तांब्यापितळेच्या भांड्यांना. तेथे आम्ल विरघळविते ते धातूवर चढलेले काळपट ऑक्साइड. खालचा धातू बराचसा जसाच्या तसा राहतो, म्हणून तांब्या उजळतो. संगमरवरावर असे काही वरचे कवच नसते. तेथे आम्लाला विरघळविण्यासाठी दगडच सापडतो. आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जो दगड खरोखरच होता, तो पाटा-वरवंटा, आपल्याकडे बहुधा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा असे. त्यावर रोज चिंचेची, कैरीची चटणी वाटली जाई, तरी त्याचे काही बिघडत नसे. कारण बेसाल्ट हा चुनखडीच्या गोत्रातला नाही. शिवाय पाट्याला चकाकी नकोच होती, खरखर हवी होती, आणि पाटा गुळगुळीत झाला की मुद्दाम टाकी लावून घेतली जाई. चटणी वाटायला संगमरवरी पाटा कोणी ठेवला नाही, यात जे शहाणपण होते ते आपण विसरलो आणि चिंच तेवढी लक्षात ठेवली.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याच्या उपायाविषयी तर गांभीर्याने बोलणेही कठीण आहे. दोहोंच्या संयोगाने जो फेस उसळतो तो पाहून करणाऱ्याला केवढे समाधान होते. मळ जणू उकळून बाहेर पडतो आहे! वस्तुतः आम्ल आणि अल्क यांनी परस्परांचा नाश केल्याची ती खूण आहे. फेस विरल्यावर हाती उरते ते सोडियम ॲसिटेटचे खारट पाणी, ज्यात सोड्याचा गुण नाही आणि व्हिनेगरचाही नाही. आणि व्हिनेगर जास्त पडले असेल, तर उरलेले आम्ल दगडाकडे वळते. एकटा सोडा मात्र मला त्याज्य वाटत नाही. पाण्यात कालवून त्याचा दाट लेप तेलाच्या डागावर लावला तर तो उपकारक ठरतो. तेव्हा माझा आक्षेप घरगुती वस्तूंना नाही. त्या कशासाठी आणि कशावर वापरायच्या याचा विचार न करण्याला आहे.

लिंबाने डाग जातो हा ‘सार्वत्रिक अनुभव’ कसा जन्माला येतो, हे एका हळदीच्या थेंबावरून पाहण्यासारखे आहे. फोडणी तडतडते आणि हळद मिसळलेल्या तापल्या तेलाचा एक शिंतोडा पांढऱ्या संगमरवरावर उडतो. हळदीतील रंगद्रव्य, करक्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून तेल दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत शिरताना रंगाला आपल्याबरोबर घेऊन जाते. गृहिणी ओल्या फडक्याने पुसते. थेंब जातो, पिवळा डाग राहतो. ती कपड्याच्या साबणाने घासते. डाग एकाएकी लालसर होतो, कारण करक्युमिन अल्कात तांबडे होते. ती घाबरते आणि लिंबू चोळते. आम्ल लागताच लाली नाहीशी होऊन डाग पुन्हा फिका पिवळा दिसू लागतो, आणि लिंबाच्या कीर्तीत आणखी एका चमत्काराची भर पडते. वास्तविक डाग होता तेथेच आहे, फक्त रंग पालटला आहे. आणि आता त्याच्याभोवती, दिवा बाजूने धरला तर स्पष्ट दिसेल असे, चकाकी गेलेले एक निस्तेज वर्तुळही उमटले आहे. डाग हा दगडात शिरलेला परका पदार्थ असतो, तो शोषून बाहेर काढता येतो. ते वर्तुळ म्हणजे दगडाचा गमावलेला पृष्ठभाग, तो कोणत्याही पुसण्याने परत येत नाही. या दोन भिन्न आपत्तींना एकाच नावाने ओळखणे आणि दुसरीवर पहिलीचा इलाज पुन्हा पुन्हा करीत राहणे, हेच बहुतेक संगमरवरी भिंतींच्या दुर्दशेचे कारण आहे.

कूपनलिकेच्या जड पाण्याने नळामागच्या दगडावर जी पांढरी पुटे चढतात त्यांच्या बाबतीतही हाच घोटाळा आहे. ती पुटे बव्हंशी कॅल्शियम कार्बोनेटचीच असतात, म्हणजे संगमरवर ज्या द्रव्याचा त्याच द्रव्याची. क्षार कोणता आणि दगड कोणता हा भेद आम्लाने करावा तरी कसा? ग्रॅनाइटवरून ती पातळ आम्लाने, लगेच धुऊन टाकण्याच्या बोलीने, काढता येतील. संगमरवरावर मात्र ती साचूच न देणे, आणि साचली तर चपट्या धरलेल्या पात्याने हलक्या हाताने खरवडणे, एवढाच मार्ग. येथे गवंड्यांच्या एका दस्तुरालाही हरकत घेतली पाहिजे. काम संपवून जाताना सिमेंटचे डाग काढण्यासाठी ‘ॲसिड मारण्याची’ जी पद्धत आहे, तिच्यात वापरले जाते ते हायड्रोक्लोरिक आम्ल. ते संगमरवराला खाते, फरशांमधील सिमेंटच्या सांध्यांना खाते आणि त्याच्या वाफेने जवळचे नळ व स्टीलचे सिंक काळवंडते. त्यावर कोणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. बंद खिडक्यांच्या लहान स्वयंपाकघरात हा प्रकार जिवावर बेतणारा आहे.

लिंबाच्या पक्षाचा बीमोड झाला म्हणजे सीलरच्या विक्रेत्याचा पक्ष विजयी झाला, असे मात्र नव्हे. त्याचा दावा असा की एकदा सीलर लावला की दगडाचा कायमचा बंदोबस्त झाला. सीलर रंध्रांत शिरून तेल आणि पाणी शोषले जाण्याचा वेग कमी करतो, एवढेच त्याचे कर्तृत्व. त्यामुळे हळदीचा शिंतोडा पुसायला थोडी सवड मिळते. आम्लाचा पृष्ठभागावरील हल्ला त्याने थांबत नाही, आणि त्याचा प्रभाव कालांतराने ओसरतो. तो पुन्हा लावायचा की नाही हे विक्रेत्याच्या वेळापत्रकावर सोपवू नये. स्वच्छ, कोरड्या दगडाला पाण्याचा ओला बोळा दहा-पंधरा मिनिटे टेकवून ठेवावा. खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो आहे, म्हणून सीलर हवा. न झाला तर पैसे वाचले. काळ्या कडप्प्याला खोबरेल चोळून त्याला काळाभोर करण्याची रीतही याच पंक्तीतली. दोन दिवस तो देखणा दिसतो, तिसऱ्या दिवसापासून त्यावर धूळ चिकटू लागते, आणि मग तो थर काढण्यासाठी पुन्हा काहीतरी जालीम शोधावे लागते.

आणखी एक पक्ष उरतो, तो सर्वांत निराशावादी: अस्सल दगड म्हणजे जन्माची कटकट, सरळ चिनी मातीच्या टाइल लावाव्यात. ज्याला टाइल आवडतात त्याने त्या अवश्य लावाव्यात. पण दगडावर कटकटीचा आरोप ठेवून नव्हे. हा आरोप ओट्याच्या आडव्या पृष्ठभागाविषयी काही अंशी खरा आहे, कारण त्यावर लिंबू पिळले जाते, टोमॅटो चिरला जातो, ताक सांडून तसेच राहते. उभ्या भिंतीवर काहीच साचत नाही. उडालेला शिंतोडा बारीक असतो आणि आज ना उद्या पुसला जातो. त्या भिंतीपर्यंत लिंबू पोहोचते ते बहुधा एकाच वाटेने, साफ करणाऱ्याच्या हातून. म्हणजे दगडाच्या नाजूकपणाची जी ख्याती झाली आहे, ती आपल्याच सल्ल्यांची निष्पत्ती आहे. रोग परवडला पण औषध नको, अशी त्या भिंतीची अवस्था आपण करून ठेवली आहे.

मग करायचे काय? करण्यासारखे इतके थोडे आहे की त्यावर सदरे चालविता येत नाहीत, आणि कदाचित म्हणूनच ते कोणी सांगत नसावे. स्वयंपाक आटोपल्यावर, तेलाचा थर ताजा असतानाच, कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य द्रव साबणाचे चार थेंब टाकून मऊ फडक्याने भिंत पुसावी, मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढावा आणि शेवटी कोरडे फडके फिरवावे. या तिसऱ्या फडक्याचाच लोक आळस करतात, आणि क्षारांची पुटे त्या आळसातूनच जन्मतात. तेलाचा थर दिवसेंदिवस उष्णतेत राहिला की घट्ट होऊन चिकटा बनतो. तो चढू दिला नाही तर त्याला उतरविणाऱ्या जालीम द्रव्याची गरजच भासत नाही. तारेची घासणी, राख आणि वाळू यांना भिंतीजवळ फिरकू देऊ नये. कॅल्साइटची कठिनता मोस यांच्या मापनात तीन आणि वाळूतील क्वार्ट्झची सात. या सामन्यात कोण हरणार हे सांगायला नको. तारेचे सुटलेले तुकडे रंध्रांत अडकून गंजतात ते वेगळेच. तेलाचा मुरलेला डाग असेल तर सोड्याचा किंवा मुलतानी मातीचा दाट लेप लावून, वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवून एक दिवस ठेवावा, मग कागद काढून लेप वाळू द्यावा आणि लाकडी पट्टीने उचलावा. जुना डाग एका खेपेत जात नाही. हळदीच्या डागावर, दगड पांढरा असेल तरच, त्याच लेपात पाण्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड कालवावे, आणि तेही आधी कोपऱ्यात करून पाहून.

दोन हरकतींचा खुलासा करून हा वाद संपवितो. पहिली हरकत अशी की पॉलिशवाला संगमरवरावर ऑक्झॅलिक आम्लाची भुकटी वापरतो, तर मग आमच्या लिंबाने काय पाप केले? पॉलिशवाला दगड आधी क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या दगडांनी घासून गुळगुळीत करतो. नंतर मोजक्या आम्लाने यंत्राखाली घोटताना तेथे न विरघळणारे कॅल्शियम ऑक्झलेट तयार होते आणि चकाकीला हातभार लावते. लिंबाने तयार होते ते केवळ भोक पडलेले पॉलिश. दुसरी हरकत अशी की आम्ही वर्षानुवर्षे लिंबू वापरतो, काही झाले नाही. ज्यांचा दगड ग्रॅनाइटचा आहे त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यात श्रेय ग्रॅनाइटचे आहे. इतरांनी फ्रिजआड किंवा डब्यांच्या मांडणीआड राहिलेली पट्टी उघडी करून ती शेगडीमागच्या दगडाशी, बाजूने उजेड टाकून, ताडून पाहावी. चकाकी एका दिवसात जात नाही. ती रोज थोडी जाते, आणि रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना म्हणूनच कळत नाही. ती परत आणायची तर जमिनीवर चालणारे मोठे यंत्र उभ्या भिंतीवर चालत नाही. कारागिराला हातयंत्राने एकेक वीत घोटावी लागते आणि त्या पाण्याभुकटीचा राडा साऱ्या घराला पुरतो. चार पैशांच्या उपायाचे बिल येते ते असे.

म्हणून मागणी फार साधी आहे. विक्रेत्याने पावतीवर ‘ब्लॅक मार्बल’, ‘इटालियन’ असली मोघम नावे न लिहिता दगड चुनखडीच्या जातीचा की सिलिकेटच्या जातीचा ते स्पष्ट लिहावे. त्याने न लिहिल्यास ग्राहकाने कापून उरलेल्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब पाच मिनिटे ठेवून स्वतःच निवाडा करावा. पुसल्यावर निस्तेज ठिपका उरला तर त्या घरात भिंतीसाठी लिंबू वर्ज्य. गवंड्याला ॲसिडची मनाई काम सुरू होण्यापूर्वी करावी, संपल्यावर नव्हे. आणि जे लोक उचलली जीभ लावली टाळ्याला या रीतीने सफाईचे सल्ले छापतात, त्यांनी यापुढे प्रत्येक सल्ल्याच्या आरंभी तो कोणत्या दगडासाठी आहे हे लिहावे. तेवढे लिहिता येत नसेल, तर तो सल्ला छापू नये.